दुसरी तीट

माझं उजवं मनगट माझ्या सख्ख्या भावानं पहारीनं फोडलं. त्याच्या थोडं आधी त्यानं माझ्या दवाखान्याचं गेट डंपरनं पाडलं होतं, आणि त्याच्याही महिनाभर आधी साऱ्या पंचक्रोशीत पेढे वाटले होते. पेढे, डंपर, पहार. कुणाला हा क्रम विचित्र वाटेल, आमच्या घराण्यात तो रीतसर आहे. आम्हा भापकरांना दुःख झेपत नाही हे गावाला ठाऊक होतं. आनंदही झेपत नाही, हे त्या वर्षी कळलं.

भावाचं नाव संपत. लोणंदच्या अलीकडे माळावर त्याची दगडाची खाण आणि खडीचा क्रशर आहे. मी त्याची धाकटी बहीण नंदिनी, बायकांची डॉक्टर. माझा दवाखाना त्याच रस्त्यावर, गावाच्या तोंडाशी. आम्हाला आणखी एक भाऊ होता, सयाजी. संपत आणि सयाजी जुळे. शाळेत मास्तर एकाच्या खोडीसाठी दुसऱ्याला बडवायचे आणि मार खाणारा कधी तोंड उघडायचा नाही. सयादादा खाणीत सुरुंगाखाली गेला. वात पेटवली, आवाज झाला नाही, म्हणून तो बघायला पुढे गेला आणि मग आवाज झाला. वात लावली होती संपतदादानं.

त्या दिवसापासून संपतदादाची जीभ कमी आणि हात जास्त चालू लागला. ड्रायव्हर असो, तलाठी असो, क्रशरवरचं कुत्रं असो, समोर आला की त्याला एक बसायचीच. लोक घाबरून त्याला आप्पा म्हणायचे. माझ्यावर मात्र त्यानं तोवर हात टाकला नव्हता. भाऊबीजेला ओवाळून घेताना तो मान खाली घालायचा, आणि शेजारच्या रिकाम्या पाटाकडे आम्ही दोघंही बघायचो नाही.

आता यंत्राबद्दल. ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सोनोग्राफी म्हणजे वटवाघळाची विद्या. कानाला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आतलं चित्र काढायचं. पाणी काळं दिसतं, हाड पांढरंशुभ्र दिसतं आणि मांस मधल्या रंगाचं. विद्या साधी, पण आपल्याकडे तिच्यावर पहारा बसवावा लागला, कारण लोकांनी तिचा उपयोग पोटातल्या मुली शोधून मारायला केला. मशीनला सील, मशीन हलवायला बंदी, दर तपासणीचा हिशोब. पहारा हवाच होता, मी त्याच्या बाजूची आहे. पण त्यापायी वाड्यावस्त्यांवरच्या पोरी तपासणीवाचून राहायच्या.

मग पट्टा आला. कमरपट्ट्यासारखा पोटावर बांधायचा. त्यात बारीक बारीक शेकडो कंपक बसवलेले. पट्टा आपोआप तपासतो, ठोके मोजतो, पाणी बघतो, रक्त कुठून कसं वाहतंय ते बघतो. डॉक्टर लागत नाही. आणि बाळ दिसलं की त्याच क्षणी त्यावर काळा डाग ओढतो. पडद्यावर बाळाच्या जागी काळा डाग, बाकी सगळं उघडं. जे दिसतच नाही ते सांगणार कोण? सरकार खूश झालं. पट्टे गावोगाव गेले आणि पाठोपाठ दवाखान्यांतल्या मोठ्या मशीनमध्येही तोच डाग सक्तीचा झाला.

बायकांनी त्या डागाला नाव ठेवलं तीट. लेकराला नजर लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट लावतात ना, तशी ही पोटातच लागलेली. "तीट दिसली का गं?" असं एकमेकींना विचारायच्या. तीट दिसली म्हणजे बाळ आहे. इतका सोपा अर्थ लागला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

संपतदादाची सून स्वरांजली. चुणचुणीत पोर, बारामतीकडची, शेतीची पदवी घेतलेली. नवरा रणजित बापाच्या सावलीत वाढलेला, बापाला विचारून शिंकणारा. स्वरांजलीला दिवस गेले, गावच्या पट्टेवालीनं घरीच येऊन पट्टा बांधला आणि संपतदादाचा मला फोन आला. मागे फटाके वाजत होते.

"नंदे! दोन! दोन तिटा हायत!"

"कुणाला?"

"आपल्या सुनंला, आनि कुनाला! फोनवर धाडलंय, बग की!"

मी बघितलं. करड्या चित्रात दोन काळे डाग, एक मधे, एक उजवीकडे खाली.

"दादा, ठोके किती आले?"

"चांगले हायत म्हणली ती पट्टेवाली."

"चांगले म्हणजे दोघांचे? की एकाचे?"

त्याचा आवाज अगदी बारीक झाला, मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता असा. "नंदे, सया येतोय गं. जोडीदार घिऊन येतोय."

सयादादा मलाही हवा होता. त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेले आहे. तरी म्हटलं, "तिला दवाखान्यात आण. मला हातानं तपासू दे एकदा."

"नगं," तो म्हणाला. "तुला लेकरूबाळ न्हाय. तुजी नजर नगं."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मी हजारो बाळं या हातांवर घेतली आहेत. रडले नाही, पण त्या संध्याकाळी जेवलेही नाही.

तिसऱ्या महिन्यातली चोरओटी म्हणजे गुपचूप भरायची ओटी, म्हणून तर चोर. संपतदादानं ती बँड लावून भरली. दोन नारळ, दोन खण, दोन पाळणे. फलकावर सयाजीचा फोटो, खाली 'पुनरागमन'. मला बोलावणं नव्हतं. फलक मात्र माझ्याच गेटसमोर लावला होता.

पुढच्या महिन्यात, भर दुपारी, रणजित जीप घेऊन आला. मागच्या सीटवर स्वरांजली पाय पोटाशी घेऊन पडली होती. ओकून ओकून तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आत्या, आप्पांना सांगितलं न्हाय," रणजित म्हणाला. "ते खाणीवर हायत. सकाळपासनं वरडतीय. आई म्हनती जुळ्यांचा तरास आसतो."

मी उजव्या बाजूला ओटीपोटावर नुसता तळवा टेकवला तर स्वरांजलीनं माझा दंड नखांनी ओरबाडला. तिथं खाली, गर्भाशयाच्या कडेला, नारळाएवढं काहीतरी टणक हाताला लागत होतं.

मशीन लावलं. मधे पहिली तीट. तिच्याभोवती गर्भाशयाची जाड भिंत, व्यवस्थित, सगळीकडून बंद. उजवीकडे दुसरी तीट. ती भिंतीच्या बाहेर होती. पट्ट्याच्या चित्रात भिंत एवढी स्पष्ट दिसत नाही, माझ्या मशीनवर दिसली. मी पोटावर टेकवलेला प्रोब तिरका केला आणि काळ्या डागाच्या अगदी काठाला रक्तवाहिन्या दिसल्या. पिळलेल्या होत्या, धुवून पिळलेल्या लुगड्यासारख्या, वेढ्यावर वेढा. त्यांतून रक्त जवळजवळ जातच नव्हतं.

मग मी साधं ठोके ऐकायचं यंत्र घेतलं. मधे टेकवलं तर खोलीत टापांसारखा आवाज घुमला. स्वरांजली रडता रडता थांबली. उजवीकडे टेकवलं. खरखर. पुन्हा टेकवलं, दाबलं, फिरवलं. तिथं तिच्या स्वतःच्या नाडीशिवाय काही नव्हतं.

मला तिथंच उलगडा झाला आणि यंत्र बनवणाऱ्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

गरोदरपणात अंडाशयावर गाठ दिसणं काही नवलाचं नाही. बहुतेक पाण्याच्या पिशव्या असतात, चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप विरतात. त्यांच्याकडे नुसतं लक्ष ठेवायचं असतं. पण एक गाठ वेगळी, तिला डर्मॉइड म्हणतात. अंडाशयात अशा पेशी असतात ज्यांच्यात शरीराचं काहीही घडवायची ताकद असते. त्यांतली एखादी कुणाची वाट न बघता, बापाशिवाय, गर्भाशयाशिवाय, स्वतःच कामाला लागते. तिला नकाशा ठाऊक नसतो. ती चरबी करते, केस करते, हाडाचा तुकडा करते, दातसुद्धा करते. माणसाचं सगळं सामान असतं, माणूस नसतो. पोरीबाळींच्या पोटात अशी गाठ वर्षानुवर्षं निमूट बसते. पोट वाढलं, जागा बदलली की देठावर फिरते आणि पिळली जाते.

आता यंत्राला कुणीतरी शिकवलं होतं की गर्भाचं हाड दिसलं की झाक. आणि वर बजावलं होतं की शंका आली तरी झाक, कारण चुकून दाखवलं तर गुन्हा आणि चुकून झाकलं तर कुणाचं काही जात नाही. यंत्रानं गाठीतलं हाड पाहिलं, दात पाहिले आणि आज्ञाधारकपणे तीट लावली. जो धोका शोधायला यंत्र बनवलं, तोच त्यानं झाकून ठेवला. तो काळा डाग उघडायची परवानगी जिल्ह्याची समिती देते. मी फोन केला. समिती सोमवारी बसणार होती.

"स्वरा, नीट ऐक," मी म्हटलं. "बाळ एकच आहे आणि ते धडधाकट आहे. दुसरी गाठ आहे. पिळली आहे. आत्ता काढली नाही तर सडेल, फुटेल, मग तू आणि बाळ दोघंही जाल. पुण्याला न्यायला वेळ नाही."

तिनं डोळे मिटले. "मग दुसरं..."

"दुसरं कधी नव्हतंच, बाळा."

रणजितनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आत्या, हे आप्पांना सांगायचं कुनी?"

सांगावं लागलं नाही. जीप गेल्याचं कुणीतरी खाणीवर कळवलं होतं. संपतदादा आत शिरला तो अंगावर दगडाच्या भुकटीसकट, पापण्यासुद्धा पांढऱ्या. मागे चार माणसं.

मी त्याला सगळं सांगितलं. देठ, पीळ, गाठ. हळू, सोप्या शब्दांत, बहिणीसारखं. तो ऐकत होता असं मला वाटलं.

"म्हंजे तू कापणार," तो म्हणाला.

"गाठ कापणार."

"मशीननं तीट लावलीय तिला. सरकारी मशीन हाय. दगडाला लावतंय व्हय तीट?"

"मशीन चुकलंय, दादा."

"मशीन चुकलं, पट्टेवाली चुकली, समदं गाव चुकलं. तू यकटी शानी." त्यानं टेबलावरचं ठोके ऐकायचं यंत्र उचललं आणि भिंतीवर फोडलं. "सयाला एकदा मी मारलाय. दुसऱ्यांदा मारू दिनार न्हाय. उचला रं पोरीला!"

माणसं पुढे सरसावली. एकानं स्वरांजलीच्या खांद्याखाली हात घातला आणि ती अशी किंचाळली की त्यानं चटका बसल्यासारखा हात काढला. सिस्टर लोखंडे मधे पडली, तिला दादानं दंडाला धरून बाजूला भिरकावलं. तिचं कपाळ कपाटाच्या कडेवर आपटलं आणि पांढऱ्या गणवेशावर रक्त ओघळलं.

"माझी सून हाय. माझ्या घरचं पोट हाय," दादा ओरडला.

तेव्हा स्वरांजली उठून बसली. कशी बसली देव जाणे. उशाशी सलाइनचा लोखंडी स्टँड होता, तो तिनं ओढून आडवा धरला. हातातली सुई उपटली गेली, मनगटावरून रक्त गळत होतं.

"पोट माझं आहे," ती म्हणाली. "आप्पा, जवळ आलात तर डोळ्यात घालीन."

मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुमच्या चुलत्यासाठी मी मरू का? सांगा. तुमच्या तोंडानं सांगा."

रणजितनं बापाकडे बघितलं, मग बायकोकडे. सबंध आयुष्यात त्या पोरानं बापासमोर एक वाक्य धड बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तेव्हाही बोलला नाही. तो नुसता पुढे झाला, बायकोला स्टँडसकट उचललं आणि थिएटरच्या दारातून आत गेला. मी पाठोपाठ शिरले. मघाशीच बोलावलेले भूल देणारे डॉक्टर मुजावर आत हात धुवून उभेच होते. दार लावलं, कडी घातली आणि रणजित दाराला पाठ लावून उभा राहिला.

बाहेरून पहिली लाथ बसली.

"आत्या, तुमी करा," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "मी हाय हितं."

मुजावरांनी पाठीत सुई दिली. स्वरांजली जागीच होती, कंबरेखाली बधिर. मी पोट उघडत होते आणि बाहेर माझा दवाखाना फुटत होता. काचा फुटल्याचे आवाज ओळखता येतात: ही औषधांची कपाटं, ही बाळांच्या पेटीची काच. मग अचानक जमीन हादरली, ट्रेमधली हत्यारं एकमेकांवर वाजली. खाणीवरून डंपर आला होता, गेट आणि पुढची भिंत घेऊन आत घुसला होता. लाइट गेली. बॅटरीवरचा दिवा लागला.

"नंदिनी, तू खाली बघ," मुजावर म्हणाले.

मी खाली बघितलं. गर्भाशय गुलाबी, शांत. त्याच्या मागून गाठ वर आणली. जांभळी, काळी, तटतटलेली. देठाला पूर्ण तीन पीळ. उलटे सोडवले, गरम पाण्याचा कपडा ठेवला, थांबले. रंग परतला तर अंडाशय वाचतं. नाही परतला. दारावर पहारीचे घाव सुरू झाले होते. प्रत्येक घावासरशी रणजितचं डोकं फळीवर आपटायचं, आणि तो हलला नाही. एकदा पहारीचं टोक फळी फोडून त्याच्या खांद्यात घुसलं. तो "आई गं" म्हणाला आणि पुन्हा पाठ टेकली.

मी देठाला चिमटा लावला आणि कापलं. या महिन्यात गर्भाला अंडाशयाची गरज उरलेली नसते, बाळाला पोसणारी वार ते काम सांभाळते. एका अंडाशयावर बाई पुढेही आई होते. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी कात्री चालवताना माझ्या तोंडून "सयादादा" असं निघून गेलं. का निघालं ते मला आजही सांगता यायचं नाही.

पोट शिवलं. गाठ ट्रेमध्ये घेऊन चिरली. अपेक्षा होती तेच निघालं. पिवळी चरबी, तिच्यात काळ्या केसांचा लांब झुबका, आणि हाडाच्या तुकड्यात रोवलेले दोन दात. एक तुकडा तपासणीसाठी बाटलीत टाकला. पुढे तो निर्मळ निघाला, कर्करोग नव्हता.

मुजावर म्हणाले, "पोलीस येईपर्यंत दार उघडू नकोस."

पण शिकलेल्या माणसाला एक रोग असतो. त्याला वाटतं, दाखवलं की पटतं. यंत्रानं झाकलं म्हणून हा गोंधळ झाला, आता उघडं दाखवलं की संपेल. माझा भाऊ रानटी असेल, आंधळा नाही. मी ट्रे उचलला, रणजितला बाजूला केलं आणि कडी काढली.

संपतदादा समोरच होता. हातात पहार, छाती भात्यासारखी वरखाली. मागे फुटक्या काचांत त्याची माणसं उभी.

"हे बघ, दादा," मी म्हटलं. "डोळ्यांनी बघ. हे बाळ नाही. डोकं नाही, हात नाहीत, काळीज नाही. नुसती चरबी आणि हे असलं."

तो वाकला. भुकटीनं भरलेल्या बोटानं त्यानं केस बाजूला केले. बोट दातावर टेकलं.

"दात," तो म्हणाला.

"हो, असल्या गाठीत येतात..."

"क्यास हायत. दात हायत." त्यानं वर बघितलं. त्या डोळ्यांत मी नव्हते, कुणीच नव्हतं. "नंदे, दात आलेलं लेकरू कापलंस तू."

पहार उठलेली मी पाहिली. ट्रे वाचवावा की स्वतःला, असा मूर्ख विचार मनात आला आणि मी हात पुढे केला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. ट्रे खणखणत गेला, मी गुडघ्यांवर आले. दुसरा घाव पाठीत बसला. तिसऱ्यासाठी त्यानं पहार डोक्यावर नेली, आणि ती माझ्या डोक्यावरच येणार होती.

रणजितनं भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं उपसलं आणि बापाच्या कानशिलावर हाणलं. एकदा. बाप भिंतीला घासत खाली बसला. पोरानं पुन्हा उचललं.

"बास, रणजित!" मी ओरडले. "मरेल तो!"

"मरू दे," तो म्हणाला. त्या दिवशी बापासमोर तो पहिल्यांदा बोलला ते हे. मुजावरांनी त्याला पाठीमागून मिठी घालून आवरलं.

दादाची माणसं केव्हाच पळाली होती. त्याच्या कानावरून रक्त वाहत होतं आणि तो फरशीवर रांगत होता. सांडलेली चरबी, केस, दात, सगळं त्यानं ओंजळीनं गोळा केलं, खांद्यावरच्या टॉवेलात बांधलं आणि तान्ह्या पोराला घ्यावं तसं छातीशी धरलं. पोलीस आले तेव्हा तो तसाच बसून डुलत होता. त्याच्या डोक्याला टाके मुजावरांनी घातले. माझा उजवा हात तोवर लोंबत होता.

पुढे घरातल्या सगळ्यांनी मला सांगितलं, तक्रार मागे घे, सख्खा भाऊ आहे, लोक काय म्हणतील. मी घेतली नाही. सिस्टर लोखंडेचं कपाळ शिवताना मी पाहिलं होतं. सख्खा भाऊ म्हणून तिच्या रक्ताचा रंग बदलत नाही. संपतदादा आत गेला आणि पुढे जामिनावर सुटला. टॉवेलातलं त्यानं खाणीच्या कडेला, सयादादा गेला त्या जागी पुरलं म्हणतात. माझं मनगट जुळलं ते वाकडं. त्या हातानं मी भाकरी थापते, सही करते, शस्त्रक्रिया मात्र आता नाही. यंत्र बनवणाऱ्यांना मी सगळं लिहून कळवलं. नव्या पट्ट्यात त्यांनी एक अट घातली आहे, की ठोका ऐकू आल्याशिवाय तीट लावायची नाही. इतकं साधं होतं.

स्वरांजली सासरी परत गेली नाही. रणजित बारामतीला जाऊन राहिला. बाळ झालं, मुलगी. बारसं तिच्या माहेरी होतं, मी डाव्या हातानं पाळण्याची दोरी ओढत होते. नाव रेवा ठेवलं. बायका घुगऱ्या वाटत होत्या, तेवढ्यात दारातल्या बायका बाजूला झाल्या.

संपतदादा उभा होता. दाढी वाढलेली, कानाजवळ केस न उगवलेली पांढरी रेघ. रणजित आडवा गेला. स्वरांजली म्हणाली, "येऊ द्या."

तो पाळण्याजवळ आला. कुणाकडे बघितलं नाही. खिशातून काजळाची डबी काढली, बोट बुडवलं आणि नातीच्या उजव्या गालावर तीट लावली. हात अगदी हलका होता. मग पुन्हा बोट बुडवून डाव्या गालावर दुसरी.

स्वरांजलीनं पदराचं टोक घेऊन दुसरी तीट पुसली. घासून पुसली. रेवा रडायला लागली.

"एकच, आप्पा," ती म्हणाली.

त्याचा हात वर गेला. उगारलेला तो पंजा साऱ्या खोलीनं पाहिला. रणजितनं मुठी वळल्या. माझं मनगट आपोआप छातीशी आलं, ते आता कुणीही हात वर केला की येतं. आणि संपतदादानं माझं ते मनगट पाहिलं. मोडल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण तो बराच वेळ तिथंच बघत राहिला.

हात खाली आला.

"नंदे," तो म्हणाला, "त्याला ठोकं नव्हतंच?"

"नव्हते, दादा."

"तू ऐकलंवतंस?"

"दोनदा ऐकलं. दाबून ऐकलं. खूप शोधलं रे मी. असता तर मीच वाचवला असता. माझाही भाऊ होता तो."

त्यानं मान हलवली. काजळाची डबी त्याच्या हातात उघडीच होती, ती मी डाव्या हातानं काढून घेतली आणि झाकण लावलं.